फ्लेक्सवरची वाघीण

शिरूरच्या दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत सविताच्या मागं दोघी बोलत होत्या.

"आजी, नातीला बिबट्याच्या तोंडातनं सोडवलं त्या तुम्हीच ना? एस्टी स्टँडवर फ्लेक्स लागलाय."

"व्हय बाई. हात अजून वर होत न्हाई."

"तरी खुरपायला जाता?"

"न जाऊन कसं भागंल? उसात पहिलं मलाच घालत्यात. म्हणत्यात, जाईबाई वाघीण हाय."

"आन् मानंला बांधायचा खिळ्यांचा पट्टा? गावात वाटले न्हवं?"

"बाकीच्या बायांना दिले. मला म्हणाले, तुम्हाला कशाला? बिबट्याच तुम्हाला भितोय."

सविता वळली. म्हातारीनं मानेभोवती पदर घट्ट गुंडाळला होता.

"आजी, तुम्ही माझ्या पुढं व्हा."

"नगं गं. हितं तरी मला मागं राहू दे."