खंडेनवमीची एसआयपी

चांदभाई : समाधान, ह्या गाडीला काहीही झालेलं नाही. सकाळपास्नं तिसऱ्यांदा आणलीस.

समाधान : ब्रेक लागत नाही, चाचा.

चांदभाई : कारण नट तूच सैल केलास. पान्याची खूण ताजी आहे.

समाधान : मग करा की घट्ट, सावकाश. अल्फिया, पाचला बंद होतं ना तुमचं ते मतदान?

अल्फिया : दादा, मी तुझ्याशी बोलू शकत नाही. तू त्या कंपनीत कामाला आहेस आणि मी नोकरीला आहे तो म्युच्युअल फंड त्याच कंपनीत मत देणारे.

समाधान : मी कुठं बोलतोय? मी ब्रेकसाठी आलोय.

अल्फिया : मग ब्रेककडे बघ. घरात खुशनुमाआपाच्या साखरपुड्याचे पाहुणे भरलेत म्हणून इथं गॅरेजमध्ये बसलेय, नाहीतर मला काय ग्रीसची हौस नाही.

चांदभाई : पण भांडण काय आहे तुमचं?

समाधान : आमच्या मालकाला चाकणचा प्लांट विकायचाय, चाचा. जमिनीसकट. स्वतःच्या मेहुण्याला.

चांदभाई : माल मालकाचा, मेहुणा मालकाचा. त्यात माझ्या पोरीचं काय?

अल्फिया : कंपनी शेअर बाजारात आहे, अब्बा. घरच्याच माणसाशी व्यवहार असला की मालकाला मत देता येत नाही. बाकीच्या भागधारकांनी ठरवायचं.

समाधान : आणि बाकीच्यांत सगळ्यात मोठा हिचा फंड. बेचाळीस लाख शेअर. मी पण एक घेतलाय. विरोधात मत टाकून मोकळा झालो. तुम्ही पण विरोधात टाकलं तर बेचाळीस लाख एक होतील.

अल्फिया : आणि बाजूनं टाकलं तर?

समाधान : तर माझा एक उठून दिसेल.

चांदभाई : प्लांट गेला तर तुझं काय रे?

समाधान : मेहुणा तिथं गोदाम बांधणार. आमच्या पत्रे दाबायच्या प्रेस मशिनी परराज्यात. आम्हाला म्हणाले, तुम्हीपण या मागोमाग. बायकोची, करिष्माची नोकरी रहाटणीत, आई डायलिसिसला राजगुरुनगरात. जायचं तर आईचं मशीन पण प्रेसच्याच ट्रकात चढवावं लागेल.

चांदभाई : दे की बेटा विरोधात. तुला सायकल ह्यानं शिकवली.

अल्फिया : सायकलचा रकाना नाही त्यात.

समाधान : मग कशाचा आहे?

अल्फिया : भाव रास्त आहे का, ह्याचा. स्वतंत्र तज्ज्ञानं भाव काढून दिलाय.

समाधान : तज्ज्ञ नेमला कोणी?

अल्फिया : कंपनीनं.

चांदभाई : म्हणजे नट त्यांनीच सैल केला आणि ब्रेक तपासायला माणूस पण त्यांचाच.

अल्फिया : हेच मी आमच्या कमिटीला लिहिलं. जरा सभ्य भाषेत.

समाधान : मग?

अल्फिया : मी हे बोललेच नाही. अब्बा, मी काही बोलले?

चांदभाई : कंप्रेसर चालू होता.

समाधान : बरं, मग तुम्ही हित बघता कुणाचं?

अल्फिया : आमच्याकडे पैसे गुंतवणाऱ्यांचं. एसआयपी भरणारी साधी माणसं.

समाधान : मी भरतो. खंडेनवमीला आम्ही प्रेसला हार घातला, नारळ फोडला आणि एचआरनं पेढ्याबरोबर फॉर्म वाटले. मला वाटलं पूजेचाच भाग आहे. अख्ख्या शिफ्टनं सह्या केल्या. हे बघ मोबाइलवर.

अल्फिया : दाखव. अरे, आमचीच स्कीम.

समाधान : म्हणजे माझेच पैसे मला घरी बसवणार.

अल्फिया : तुझा फायदाच आहे त्यात. विक्री झाली की विशेष लाभांश येईल, स्कीम वर जाईल.

समाधान : माझी कितीनं?

अल्फिया : चाळीसेक रुपयांनी.

समाधान : नोकरी जाईल आणि चाळीस रुपये येतील.

अल्फिया : लगेच काढलेस तर शुल्क कापून छत्तीस.

समाधान : मग गुंतवणूकदार म्हणून सांगतो, मला ते चाळीस नकोत.

अल्फिया : एकाचं ऐकता येत नाही, दादा. सगळ्यांचं हित बघायचं असतं.

समाधान : सगळ्यांना विचारलंत?

अल्फिया : नाही.

समाधान : मग कळतं कसं?

अल्फिया : कमिटीला कळतं.

चांदभाई : मोठी पोच आहे कमिटीची.

समाधान : निदान तटस्थ तरी राहा.

अल्फिया : तटस्थ म्हणजे जेवण पटलं नाही, पण पंगत सोडायची नाही. आणि हे माझ्या हातात नाही. कमिटीचं परवाच ठरलंय. मी फक्त बटण दाबायचं.

समाधान : मग सकाळीच का नाही दाबलंस?

अल्फिया : नेट नव्हतं.

समाधान : मी तिन्ही वेळा आलो तेव्हा गाणी तर लागली होती.

चांदभाई : गाणी लावून एकच पान उघडून बसलीये. डबा पण खाल्ला नाही.

अल्फिया : अब्बा, तुम्ही ब्रेक बघा. पाचला दोन मिनिटं आहेत.

(अल्फिया एक बटण दाबते आणि लॅपटॉप मिटते. कंप्रेसर ह्या वेळीही बंदच असतो.)

समाधान : काय दिलंस?

अल्फिया : सांगता येत नाही. तिमाही संपली की आमच्या वेबसाइटवर येईल. कारणासकट.

समाधान : कारण पण देता?

अल्फिया : एका ओळीत.

चांदभाई : ब्रेक घट्ट केलाय. आता हात लावू नकोस त्याला.

समाधान : नाही लावत. अल्फिया, एवढंच सांग. उद्या एसआयपीचा हप्ता आहे. चालू ठेवू का बंद करू?

अल्फिया : चालू ठेव, दादा. चाळीसेक रुपयांनी वाढेल.