धक्क्यापासून कुंपणापर्यंत

हॅलो?… हां दादा, बोल. पोचलास वांग नोईच्या बांधकामावर?… नाही, घरीच आहे, पोरीला भरवतेय… बरं, जमिनीवर आखलेली फक्की दिसतेय ना? गोदामाच्या दहा दरवाज्यांच्या दहा पट्ट्या… हो, हो, तिथेच माल उतरवायचा धक्का होणार. आता सात नंबरला ट्रेलर उलटा लाव. फोन खिडकीत ठेव…

…लागला?… काय म्हणतोस? तीनदा पुढे-मागे केलास, तरी वाकडाच?… बरं, बरं, चिडू नकोस. एकवीस वर्षं चालवतोयस, माहितेय मला… अरे ऐक ना. धक्क्याच्या पट्टीपासून समोरच्या कुंपणापर्यंत पावलं टाक. मोठी, मीटरभराची… टाक ना रे, गार झालेला चिकटभातही तू सोडत नाहीस, मग हे अर्धवट का सोडतोस…

…किती?… तीस? पस्तीस पाहिजेत. परत मोज…

…तीसच.

थांब, नकाशा उघडते… दादा, माझंच चुकलं. पुराच्या पाण्यासाठी कुंपणापलीकडचं तळं रुंद केलं ना मार्चमध्ये, तेव्हा कुंपण पाच मीटर आत आलं. मी गोदामाचा नकाशा तसाच ठेवला… हो, माझीच सही. एकटीच्या सहीचं पहिलंच काम… आज तीनला काँक्रीट पडणार धक्क्याचं…

काय? कोणाला कळणार नाही?… ड्रायव्हरांना कळेल, दादा. तुझ्याबरोबर ट्रेलर चालवणाऱ्या थोंगदीकाकांचा पाय असाच गेला ना, ट्रेलर नि भिंतीच्या मध्ये? तूच उचलून नेलंस त्यांना… हं… हं… मग असं बोलू नकोस. थांब, ऑफिसात सरांना लावते. ठेवू नकोस फोन.

हॅलो, सर? सिरिन बोलतेय. वांग नोईचं काँक्रीट आज थांबवा… हो सर, आजचंच. धक्क्यासमोर पाच मीटर जागा कमी आहे. चूक माझी… माझा भाऊ प्राजाक, ट्रेलर चालवतो, त्याने आत्ता लावून बघितला… नाही सर, त्याचा हात चांगला आहे… दरवाजे तिरपे घेता येतील. दहाचे आठ होतील… हो, गोदामाच्या मालकांना मीच सांगते… चारला. येते.

दादा? आहेस ना?… थांबवलं त्यांनी… नाही रे, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, आत्ता कळलं की आधीच माहीत होतं… आत्ताच, म्हटलं… काम काढून घेतील? घेतीलही. मालक दोन दरवाजे सुखासुखी सोडणार नाहीत… अं? भीती आहेच थोडी. पण बरं वाटतंय.

ऐक, निघू नकोस तिथून. चारला मालकांना घेऊन येतेय… नाही, तू काही बोलू नकोस, बोलेन मी. तू फक्त त्यांना वर केबिनमध्ये बसव, तुझ्या जागेवर. तू खाली मागे जाऊन उभा राहा, ट्रेलर नि पट्टीच्या मध्ये… ट्रेलर तसाच वाकडा राहू दे, इंजिन बंद ठेवून, अर्थातच. मग मी विचारते त्यांना, आरशात माझा भाऊ दिसतो का… हो. ठेवते.