दोन दरवाज्यांची गाडी अन् जवाईबापूंचा रुसवा

बाबाराव, दोन दरवाज्यांची गाडी घ्यायच्या आधी माह्यं ऐक गा. माह्या पुतण्यानं तशीच घेतली. त्याच्या साक्षगंधाले, म्हंजे साखरपुड्याले, आम्ही बेस्याहून मौद्याले निघालो. बाया-पोट्टे मोठ्या व्हॅनमध्ये पाय पसरून बसले. मले मात्र पुतण्यानं हौसेनं नव्या गाडीत कोंबलं. समोर माहे जवाईबापू, कारण मान त्याहिचा. मागं मी, गुडघे छातीले अन् टक्कल छताले. मागं दरवाजाच नाही. जवाईबापू उतरून त्याहिची सीट वाकवतीन, तवाच मी बाहेर. गाडी चालवणाऱ्या पुतण्याची सीट तं वाकतच नाही.

मौद्याले पोचलो, तं पोरीवाल्याहिनं व्हॅनवाल्यांले आधीच हार घालून टाकले होते. झालं, जवाईबापू रुसले.

"पोरीचा बाप स्वतः घ्याले येईन, तवाच उतरीन."

पुतण्या बिचारा सासऱ्याले आणाले पळाला.

मी म्हटलं, "जवाईबापू, मले लघवीले जायचं हाय. उतरा जरा."

"मामाजी, आता उतरलो तं माही काय इज्जत राहीन?"

"अन् इथंच झाली तं माही काय राहीन?"

"जरा दम धरा न."

"बेस्यापासून धरूनच तं राहिलो! आता सीट ओली झाली तं मले बोलू नका."

गडी असा उडी मारून उतरला, का पोरीच्या बापाले वाटलं राग गेला. त्यानं धावत येऊन जवाईबापूच्या गळ्यात हार टाकला अन् मी सीट वाकवून बाहेर निघतो, तं दुसरा घेऊन माह्यासमोर उभा राहिला.

मी म्हटलं, "हार मागून घाला गा, पहिले संडास दाखवा!"