पन्नास फूट पाणी आणि लाल फिल्टर

माझं लग्न एका फिल्टरवर अडलं होतं, ऐका. नशिराबादहून मुलीचे वडील आमची विहीर बघायला येणार होते. वरून तर अंधारच दिसतो, म्हणून नाना, म्हणजे माझे काका, म्हणाले, "पाण्याखालचा व्हिडिओच दाखवू."

धुळ्याच्या दुकानदाराने माझ्या छोट्या कॅमेऱ्यासाठी वॉटरप्रूफ कव्हर काढलं. "पाणी किती खोल?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "पन्नास फूट!"

"मग लाल फिल्टरही घ्या. खोलात रंग फिके पडतात."

रविवारी पाहुण्यांसमोर दोरीने कॅमेरा सोडला. पाणी कॅमेरा बुडण्याइतकंही नव्हतं; व्हिडिओत अर्धा लालभडक गाळ, अर्धं लालभडक आभाळ. मी मान खाली घातली.

नानांनी शांतपणे अहिराणीत सगळा दोष फिल्टरवर ढकलला, "फिल्टर लायेल शे ना, म्हनीसन पानी कमी दिसस."

पाहुणे हसले. "आमच्या विहिरीलाही तोच फिल्टर दिसतो, नाना. काढा तारीख."