पाठ केलेले पाच शब्द

डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि हॉकीच्या जर्सीतली तिची लेक बसली होती.

“म्हण बघू, मागच्या वेळी डॉक्टरांनी लक्षात ठेवायला सांगितलेले पाच शब्द.”

“हत्ती, खिडकी, लिंबू, चप्पल, ढग.”

“शाब्बास! आत गेल्यावर असंच घडाघडा म्हणायचं. डोक्याला मार लागून दोन आठवडे झाले, आता खेळायची चिठ्ठी द्यायलाच हवी त्यांनी. शनिवारी फायनल आहे.”

“डोकं अजून ठणकतंय, ते सांगू?”

“विचारलं तरच सांग.”

“बरं. आई, शाळेला उशीर होईल ना गं?”

“अगं, आत्ताच तर शाळेतून आलो आपण.”

“हो?”

“इकडे बघ. माझ्याकडे बघ जरा.”

“परत म्हणू का? हत्ती, खिडकी...”

“नको, राहू दे. विसरून जा ते शब्द.”