सळयांवरचे पाय

मंडळी, आज एकच प्रश्न पुढ्यात ठेवतो. चूक डोळ्यांना दिसली, तरी हात का थांबत नाहीत?

ऐका. कुरणवाडीत अंगणवाडीची खोली उभी राहत होती. विश्रामअण्णा ती आपल्या दिवंगत पत्नीच्या, तानूबाईंच्या नावानं बांधत होते. बाईंनी हयातभर गावची पोरं झाडाखाली बसवून सांभाळली. दारावर रुंद छज्जा असावा, पोरं त्याच्या सावलीत बसावीत — जाताना एवढंच मागितलं त्यांनी.

स्लॅबचा दिवस उजाडला. मुहूर्त दहाचा. आता पूजा कुठं? वर, सळयांच्या जाळीवर! सगळा गाव शिडी चढला. नारळ फुटला, फोटो निघाले. आणि फोटोला उभे कुठं राहिले? अगदी कडेला, छज्ज्याच्या सळयांवर. हसू नका — घरी जाऊन आपापले फोटो काढून बघा.

हैबती मिस्त्री म्हणाला, "अण्णा, छज्ज्याचं लोखंड वरच्या अंगाला लागतं. पायांनी दबून तळाला बसलंय. उचलून बांधतो. दुपार होईल."

"मुहूर्त टळेल रे. पाहुणे जेवायचे थांबलेत."

"तुम्ही म्हणाल तसं."

बघा — एकानं ऐकलं नाही, दुसऱ्यानं पुन्हा सांगितलं नाही. काँक्रीटचा माल पडला.

पुढं टेकू काढले. छज्जा भिंतीला मिळतो तिथं, वरून, लांब चीर!

हैबती मान खाली घालून म्हणाला, "गिलावा मारला तर दिसणार नाही. वर्ष-दोन वर्षं निघतील."

अण्णा चिरेकडं बघत राहिले. "आणि तिसऱ्या वर्षी खाली कुणाची पोरं बसलेली असतील?"

हैबतीनं हातातली थापी खाली ठेवली.

"फोड," अण्णा म्हणाले.

मंडळी, बांधलेलं फोडणं सोपं नसतं. छज्ज्याबरोबर स्लॅबची कड गेली. पुन्हा फळ्या, पुन्हा लोखंड, पुन्हा माल. पोरांचा पावसाळा गोठ्यात गेला. तानूबाईंची बहीण सोनाकाकी येऊन म्हणाली, "दाजी, नारळ गोड निघाला का?"

"हैबतीनं अर्धा दिवस मागितला होता," अण्णा म्हणाले. "मी दिला नाही."

दुसऱ्या खेपेला पूजा उंबऱ्याशी झाली. वर फक्त काम करणारे.

तर मंडळी, उद्या या मंदिराच्या सभामंडपाचा स्लॅब आहे. येताना पाहिलं, हार आलेत, शिडीही लावलीय. खाली बसून हात जोडलेत तरी देवाला पोचतं. आणि मिस्त्री थांबा म्हणाला, तर थांबा. त्या छताखाली तुमचीच नातवंडं बसायची आहेत.

आता टाळ घ्या हातात. पण आधी मला सांगा — उद्या वर कोण कोण चढणार?