देवगिरीचा अम्मण

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं हेमाला बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. आखातातल्या नईम भागातल्या त्या दवाखान्यात साताऱ्याकडची मराठी कानावर येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

"गुंडूदादा, पट्टी कधी सोडणार?"

"सोडून काय? उजवा गेलाच. डावा बघतायत. तू कसा काय आलास, महिपती?"

"संत्री आणलीत. आन् यंदा गणपतीत आपण नाटक बसवतोय. देवगिरीच्या यादवांचं. दोघं चुलतभाऊ, गादी एक."

"मग?"

"अम्मण गादीवर असतो. रामचंद्र नाटकवाल्यांच्या वेशात किल्ल्यात शिरतो, त्याला धरतो आन् डोळे काढतो."

"भावाचे?"

"गादी रामचंद्राच्याच बापाची होती, दादा."

"तू रामचंद्र व्हय?"

"व्हय."

"शोभतंय. मी दवाखान्यात, आन् माझ्या जागी फोरमन तू."

"वेल्डिंगची ठिणगी काय मी उडवली?"

"न्हाई. पण गुंडू कामावर परत येईल का, असं साहेबानं विचारलं, तवा काय बोललास?"

"इंशाल्ला म्हणालो."

"म्हणजे खलास की! हितं इंशाल्ला म्हणजे न्हाईच. सख्ख्या चुलतभावासाठी 'येईल' म्हणायला जीभ झडली व्हती?"

"झालं गेलं सोड. अम्मणाच्या कामाला कुणी मिळंना."

"म्हणून संत्री."

"तुला सोंग बी करावं लागणार न्हाई, दादा."



"करतो. पण तोवर माझा व्हिसा राहील, एवढं तरी बोल."

हेमाला नुसता संत्रं सोलल्याचा वास आला.